ताऱ्याच्या तळीचा मान

आमच्या गावाच्या डोक्यावर सडा आहे, सपाट कातळाचं माळरान, आणि सड्यावर तळी आहे. खाली गावातल्या विहिरी शिमग्यानंतर तळ दाखवायला लागतात, पण वर उघड्या कातळातल्या या तळीचं पाणी वैशाखातही गुरांना पुरतं. रत्नागिरीहून येणारी एसटी सड्यावरूनच वळते, तरी खिडकीतून तळी दिसत नाही. अगदी काठावर जाऊन उभं राहावं तेव्हा एकदम पायाशी दिसते. चांगली गोल आहे. कुणी दोरी धरून आखल्यासारखी.

एवढ्या कोरड्या कातळात पाणी आलं कुठून? गावाचं उत्तर ठरलेलं होतं. आभाळातून तारा पडला, कातळ फुटला आणि खालचं पाणी वर आलं. म्हणून ती ताऱ्याची तळी. काठावर एक काळा धोंडा आहे, तांबड्या जांभ्याच्या मुलखात एकटाच काळा, तो ताऱ्याचा तुकडा. त्याला शेंदूर लावतात.

शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी आधी तळीवर जाते. तिथे पहिला नारळ आणि पहिलं गाऱ्हाणं आमच्या घराचं. त्यानंतर पालखी गावात उतरते आणि पहिली आमच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, येते, मग बाकीच्या घरी. हा मान माझ्या आज्याकडे होता, बापाकडे होता, मग माझ्याकडे आला. मी चौथीपर्यंत शिकलो. उभा जन्म चिरेखाणीत काढला, पुढे थोडी कलमं लावली. पण शिमग्याच्या दिवशी मी फेटा बांधून तळीवर उभा राहिलो की मुंबईहून आलेले मोठे मोठे साहेब माझ्या मागे हात जोडून उभे राहत. मी म्हणायचो, "बा देवा महाराजा, ज्या जागी आभाळातून तारा उतरला, आमच्या थोरल्या पुरुषाने औत सोडून तो पहिला पाहिला, त्या तळीवर आज तुझी रयत गोळा झाली हाय..." आणि सगळा गाव एका आवाजात म्हणायचा, "होय महाराजा!" तो आवाज अंगावर यायचा. ज्याने ऐकला नाही त्याला मी काय सांगणार.

भांडण होतं ते 'थोरल्या' या एका शब्दावर. आमच्या मूळपुरुषाला दोन मुलगे. थोरल्याचं घर ते आमचं, धाकट्याचं घर माझ्या चुलतभावाचं. त्याचं म्हणणं असं की, तारा पडला तेव्हा थोरला तापाने घरात पडलेला होता. औत होतं धाकट्याच्या हातात, तारा पाहिला धाकट्याने. मग मान थोरल्याकडे कसा गेला? तर थोरला म्हणून दांडगाईने घेतला. हे तो दर शिमग्याच्या आधी देवळातल्या बैठकीत उकरून काढायचा. त्याचा बापही तेच करायचा.

दोन वर्षांमागच्या बैठकीत तो जरा जास्तच बोलला. म्हणाला, "दादा, तुझ्या घरातला तापाने फणफणलेला माणूस सड्यावर गेला कधी आणि तारा बघितला कधी, तेवढं सांग. नाय तर यंदा नारळ माझ्या हातात दे."

पोरं हसली. माझं डोकं फिरलं. मी उभा राहिलो आणि म्हटलं, "माझ्या लेकीची लेक पुण्याला दगडांचं शिकते. दगड बघून तो किती जुना ते सांगते. तिला तळीवर आणतो. तारा कधी पडला ते ती सांगेल. ते कळलं की त्या साली कोण तापाने पडलेला होता आणि कोणाच्या हातात औत होतं, ते आपोआप कळेल."

चुलतभाऊ म्हणाला, "आण. तुझी नात ती माझी पण नात. ती सांगेल ते मला मान्य."

गावातले जाणते म्हणाले, ठरलं. पुढच्या शिमग्याच्या आधी नात सांगेल. आज मागे वळून बघतो तेव्हा वाटतं, त्या बैठकीत पन्नास-साठ माणसं होती, दोन मास्तर होते, एक बँकेतला होता. एकालाही यात काही वेडंवाकडं दिसलं नाही. मला तर नाहीच.

माझी लेक रत्नागिरीत मांडवीला दिलेली. तिची मुलगी लहानपणापासून माझ्याबरोबर खाणीवर यायची. चिरा कापला की आत निघणारी पिवळी-तांबडी नक्षी बघत बसायची. तिला फोन करून सांगितलं, तर ती आधी हसली.

"आबा, तुम्ही मला न विचारता कबूल केलंत?"

"तुला काय विचारायचं? दगड बघायचा आणि सांगायचं."

"असं नसतं हो ते."

मग सुट्टीत आली तेव्हा मोबाईल घेऊन माझ्याशेजारी खळ्यात बसली. म्हणाली, जगात अशी कितीतरी तळी आहेत. वरून बघावं तर नुसतं पाणी, होड्या चालतात, मासे पकडतात, आणि खाली आभाळातून पडलेल्या दगडाचा घाव. काही ठिकाणी तर काठावर जन्म काढलेल्या लोकांना ते ठाऊकच नव्हतं. तळाखालचा दगड तपासला तेव्हा कळलं. एक तळं दाखवलं, ते बांगडीसारखं होतं, मध्ये डोंगर आणि भोवती पाणी. एक आफ्रिकेतलं. तिथले लोक त्याला देवाचं मानतात. पाण्याला लोखंड लावायचं नाही असा नेम, म्हणून मासे धरायला होडी नाही, लाकडाच्या फळीवर पालथं पडून हाताने वल्हवतात.

मी विचारलं, "तिथे पहिला मान कोणाचा?"

ती इतकी हसली की तिच्या आजीने चुलीपुढून विचारलं काय झालं.

तिने खळ्याच्या कडेला जिथे पागोळ्या पडतात तिथली ओली माती सारखी केली आणि हातातली सुपारी वरून टाकली. "बघा. नुसता खड्डा नाही पडत. कडेची माती उचलली जाते, बाहेरच्या अंगाला उलटते. तिथे ही अशी उठलेली कड असते. आपल्या तळीला आहे का?"

"असेल. झिजली असेल."

"आबा, आधी एकदा खरी जागा बघा. लोणारला जाऊया. मग तळीवर जाऊ."

तिच्या आईने विरोध केला, एवढ्या वयात कुठे हिंडवतेस म्हणाली. तेवढं ऐकलं आणि मी पिशवी भरली.

गाड्या बदलत, घाट चढून, पुढे तो सगळा काळ्या मातीचा सपाट मुलूख ओलांडून लोणारला पोचलो. मला वाटलं होतं आमच्यापेक्षा जरा मोठी तळी असेल. काठावर गेलो आणि पाय तिथेच थांबले. आमचा अख्खा गाव, वाड्या, देऊळ, शाळा, सगळा सडा उचलून आत ठेवला असता तरी जागा उरली असती. चारी बाजूंनी गोल कडा, खाली रान, आणि मध्ये हिरवट पाणी. उतरलो तसा वास यायला लागला. पाणी बोटाने जिभेला लावलं, खारट. समुद्राचं खारं मला ठाऊक आहे, हे त्यातलं नव्हतं.

पण माझी नजर पाण्यावर नव्हती. ती कड्यावर होती. मी दगडातला माणूस आहे. कड्यातला काळा दगड थरांचा होता, आणि ते थर आडवे नव्हते. बाहेरच्या बाजूला कलंडलेले, खालून कुणी ढुशी मारून उलथल्यासारखे. सगळीकडे तसेच, जिकडे बघावं तिकडे तळ्याकडे पाठ करून झुकलेले. नात मागे थांबली. मला बघू दिलं तिने.

आमच्या तळीचा कातळ पाण्यापर्यंत सपाट आहे. पाटासारखा. त्यावरून मी पन्नास वर्षं चाललो आहे. मला मोजायची गरज नव्हती.

खाली एका देवळापाशी एक म्हातारा बसला होता, डोक्याला टापशी बांधलेला. त्याला मी विचारलं, "हे कसं झालं हो?" तो म्हणाला, "इथं राक्षस राहत होता पाताळात. देवानं लाथ मारून वरची जमीन उडवली अन् मारला त्याला. हे त्याचंच भुयार."

"तारा नाही पडला?"

"ते सरकारी लोक म्हणतात," तो म्हणाला आणि तंबाखू मळू लागला.

वर चढताना मी दमलो आणि एका दगडावर बसलो. नात पाणी देत म्हणाली, "काय विचार करताय?"

मी म्हटलं, "इथे खरा तारा पडला तर हे लोक राक्षस सांगतात. आणि आमच्याकडे..."

वाक्य तिथेच सोडून पाणी प्यायलो. मग मी विचारलं, "इथे पडला तो कधी?"

"हजारो वर्षं झाली, आबा. नक्की किती यावर शिकलेल्यांतही वाद आहेत. पण औत तेव्हा कुणाच्याच हातात नव्हतं. थोरल्याच्या नाही, धाकट्याच्या नाही. औतच नव्हतं जगात."

परतीच्या वाटेवर तिने मला जेवायला किती आग्रह केला, मी चहाखेरीज काही घेतलं नाही.

शिमग्याच्या आठवडाभर आधी ती गावात आली. आम्ही दोघं तळीवर गेलो. तिने काठाने फेरी मारली, वाकून कातळ बघितला, काळ्या धोंड्याला हात लावायच्या आधी नमस्कार केला. म्हणाली, हा काळवत्री दगड आहे, आपल्या जांभ्याच्या खाली असतो तोच, खाडीकडे कुठेही मिळेल. कुणीतरी कधीतरी आणून ठेवला असेल. आणि खड्डा पाण्याने हळूहळू झिजून झालेला, असे लहानमोठे प्रत्येक सड्यावर आहेत. हा जरा जास्त गोल, एवढंच.

"बैठकीत काय सांगशील?"

"हेच."

"सांगता येत नाही म्हणून सांग. खोल खणल्याशिवाय कळत नाही म्हण. शिकलेली माणसं असं म्हणतात ना?"

"म्हणतात, जेव्हा कळत नाही तेव्हा. मला कळलंय. तुम्हालाही कळलंय, लोणारला तुमचं तोंड बघितलं मी." मग जरा मऊ आवाजात म्हणाली, "मी येतच नाही बैठकीला. आजारी पडले म्हणा."

"मी गावात शब्द दिलाय. यायचं."

"आलं तर खरं बोलणार."

"बोल. पण ये."

ती आली आणि बोलली. देवळात उभी राहून, पदर नाही, पंजाबी ड्रेसवर ओढणी घेतलेली. सगळं शांतपणे सांगितलं, पागोळीची माती आणि सुपारीसुद्धा. मला वाटलं होतं चुलतभाऊ उड्या मारील. तर त्याचंच तोंड उतरलं.

"म्हणजे तारा पडलाच नाय?"

"नाही, आजोबा. आणि पडला असता तरी माणसाने बघितला नसता, इतकी जुनी गोष्ट असते ती."

"म्हणजे आमचा धाकटा पुरुष लबाड?"

"आणि आमचा थोरला?" मागून माझ्याच घरातला एक पुतण्या ओरडला. इतकी वर्षं एकमेकांच्या अंगावर जाणारी दोन घरं त्या क्षणी एक झाली. एक जण म्हणाला, "पुण्याला जाऊन चार बुकं वाचली नि देवाला खोटं पाडायला आली." दुसरा म्हणाला, "बाय, तुझी तळी मांडवीला. तिथे खारं पाणी हाय, ते तपास." सगळे हसले. ती माझ्याकडे बघत होती. मीच तिला आणलं होतं. मला उठून बोलायचं होतं, पण काय बोलायचं? ती खरी म्हणावं तर मान गेला. खोटी म्हणावं तर जीभ वळत नव्हती. मी बसून राहिलो. ती चपला घालून निघून गेली, संध्याकाळच्या गाडीने रत्नागिरी आणि तिथून पुण्याला.

गुरव म्हणाला, माणसांनी घातलेला घोळ माणसांना सुटत नाही, कौल लावू. देवीच्या दोन्ही अंगांना ओली फुलं चिकटवली. उजवं पडलं तर मान आहे तिथे, डावं पडलं तर धाकट्या घराकडे. उजवं पडलं. लगेच पडलं, टपकन. चुलतभावाने हात जोडले आणि माझ्या पायाला लागला. "देवीनं दिलं, दादा. आता माझी काय तक्रार नाय."

एवढं झाल्यावर मला समाधान वाटायला हवं होतं. घरी आलो तर म्हातारीने, माझ्या बायकोने, गोड केलं होतं. मुंबईहून मुलाचा फोन, "बाबा, जिंकलो ना?" मी हो म्हटलं. पण त्या रात्रीपासून मी गाऱ्हाणं मनात घोळवायला लागलो की त्या एका जागी येऊन अडायचो. "ज्या जागी आभाळातून तारा उतरला..." आणि डोळ्यांपुढे ते उलटलेले काळे थर यायचे. तोंडाने आमची तळी म्हणायचो आणि दिसायचं लोणार. पूर्वी मला ते शब्द म्हणावे लागत नसत, ते आपले आपण यायचे.

शिमग्याला फेटा बांधला. मुलगा, सून, सगळे आले होते. पालखी सड्यावर चढली. ढोल थांबले. नारळ माझ्या हातात. मी सुरुवात केली, "बा देवा महाराजा..." सगळे म्हणाले, "होय महाराजा!" त्या जागी आलो. थांबलो. मुलाने मागून हळूच शब्द दिला, त्याला वाटलं मी विसरलो. विसरलो नव्हतो. देवापुढे, हातात नारळ घेऊन, मला जे ठाऊक आहे त्याच्या उलट बोलायचं, आणि ज्या पोरीने खरं सांगितलं तिला गाव हसला, त्याच गावाकडून त्यावर होय म्हणवून घ्यायचं? माझं मन त्याला तयार होईना. मी म्हटलं, "या तळीत काय पडलं ते आम्ही कोणी पाहिलं नाय. आमच्या थोरल्यानं नाय, धाकट्यानं नाय. पाणी तेवढं पाहिलं. वैशाखातलं पाणी. त्या पाण्यावर तुझी रयत जमली हाय, तिची सेवा गोड मानून घे."

आणि थांबलो. होय महाराजाची वाट बघत.

कुणी बोललं नाही. वारा तेवढा होता सड्यावर. एक-दोन म्हाताऱ्या माणसांनी तोंड उघडून पुन्हा मिटलं. गुरव खाली बघत होता. मग कुणीतरी म्हणालं, "शब्द मोडला." गाऱ्हाण्याचा शब्द मोडला तर ते देवाला पोचत नाही, असं आमच्याकडे आहे. आणि ज्याने मोडला त्याच्याकडे मान राहत नाही. ते मला ठाऊक होतं. मी बापाकडून पहिलं तेच शिकलो होतो.

चुलतभाऊ पुढे आला. त्याला आनंद झालेला नव्हता, ते मी सांगतो, कारण नारळ घेताना त्याने मान वर केली नाही. त्याने सगळं म्हटलं, पहिल्यापासून. तारा उतरला, औत सोडून आमच्या धाकट्या पुरुषाने पहिला पाहिला. आणि गाव असा गरजला, "होय महाराजा!" की पाखरं उठली.

मुलगा माझ्यासाठी न थांबता सडा उतरला. घरी आल्यावर म्हणाला, "बाबा, दोन शब्द होते. माझ्या मुलाच्या वाटणीचे होते ते. तुमच्या एकट्याचे नव्हते." आणि सामान भरायला लागला. त्याचंही खोटं नव्हतं. मी त्याला थांब म्हटलं नाही. मला तसं म्हणता येत नाही.

म्हातारी सकाळीच आरतीचं ताट करून बसली होती, कारण पालखी दरवर्षी पहिली आमच्याकडे. ढोल गावात उतरले, आमच्या पाणंदीपाशी आले आणि पुढे गेले. धाकट्या घराकडे. तिने निरांजन विझवून ठेवलं.

तेवढ्यात नातीचा फोन आला. ती लांब असली की शिमग्याला फोन करते, ढोल ऐकायला.

"आबा, पालखी आली का?"

"नाय अजून."

"अजून? पहिली आपल्याकडे ना?"

मग मी सांगितलं. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर शाबास म्हणेल. ती रागावली.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं शब्द बदलायला? मी फक्त दगडाबद्दल बोलले होते. गाऱ्हाणं गाऱ्हाण्याच्या जागी. सगळं म्हणायचं होतं की जसंच्या तसं!"

"मग मला लोणारला नेलंस कशाला?"

यावर ती म्हणाली, आजीला फोन द्या. मी पुन्हा विचारलं, "सांग ना बाय, कशाला नेलंस?"

"आबा," ती म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला बघायला आवडेल."

आणि खरंच मला आवडलं होतं. तेच तर.

फोन म्हातारीच्या हातात दिला आणि खळ्यात जाऊन उभा राहिलो. पालखी आमच्याकडे आली तेव्हा ऊन कललं होतं. चुलतभाऊ घामाने निथळत पुढच्या दांड्याखाली होता. खळ्याच्या पायरीशी थांबला. सगळे माझ्याकडे बघत होते, हा हट्टी म्हातारा आता काय करतो म्हणून.

"दादा," तो म्हणाला, "खांदा दे."

मी गेलो आणि दांड्याखाली खांदा घातला. मुलगा पिशवी घेऊन ओटीवर उभा होता, तोही पिशवी ठेवून मागच्या दांड्याला लागला. चुलतभावाने आमच्या घराचं गाऱ्हाणं घातलं. त्यात तळी आली, तारा आला, धाकटा पुरुष आला. माझ्या दोन्ही बाजूंनी लोक ओरडले, "होय महाराजा!" माझ्या मुलानेही ओरडून साथ दिली.

मी तोंड उघडलं नाही. पालखी नाचवून परत पायरीपर्यंत नेली, तोवर खांदाही काढला नाही.